परक्या पेशी

श्रीरंग मगदूम मोडलेल्या गाड्या बघून पोट भरत असे. सांगली-मिरज भागात कुठं गाडी ठोकली की विमा कंपनी त्याला पाठवायची. बंपरचा पोचा, रंगाचा ओरखडा, काचेचा चुरा बघून तो सांगायचा, अपघात मालक म्हणतोय तसाच झालाय की गोष्ट रचलेली आहे. या कामात त्याचं नाव होतं. त्यामुळे एक सवयही जडली होती. माणूस बोलायला लागला की श्रीरंग त्याच्या शब्दांकडे कमी आणि हातांकडे जास्त बघायचा.

त्या दिवशी मिरजेच्या हॉस्पिटलात, डॉ. नसीम मुजावरांच्या खोलीत, तो बायकोच्या हातांकडे बघत होता.

"तुमच्या रक्तात तुमच्या लेकीच्या, ओवीच्या पेशी मिळाल्या," डॉक्टर उल्काला म्हणाल्या. "आणखी दोन-तीन वेळा रक्त गाळलं की पुरेशा जमतील. म्हणजे उपचार करता येईल." मग त्यांनी अहवालाचं पान उलटलं. "त्यांच्याबरोबर आणखी कुणाच्या तरी पेशी सापडल्यात. थोड्याच आहेत. पुरुषाच्या आहेत."

श्रीरंग हसला. "माझी किडनीच आहे की हिच्यात. माझ्या असतील."

"तुमच्या नाहीत, मगदूम. तुमच्या पेशींच्या खुणा आमच्याकडे पहिल्यापासून आहेत. त्या वगळून बोलतेय मी."

उल्काचे हात मांडीवर होते. उजव्या हातानं तिनं डाव्या हाताचं मनगट धरलं, घट्ट. श्रीरंगनं ते पाहिलं.

सहा वर्षांपूर्वी उल्काच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा त्यानं आपली एक दिली होती. कुणी आग्रह करण्याआधी, तपासण्यांच्या पहिल्याच दिवशी हो म्हणाला होता. किडनी चालली, उल्का पुन्हा मैदानावर उभी राहिली, शाळेच्या मुलींना खो-खो शिकवू लागली. मग गेल्या वर्षापासून पावलं सुजायला लागली.

डॉक्टरांनी त्यांना चित्र काढून समजावलं होतं. रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं. किडनी दुसऱ्याची असली की तिच्या वाहिन्यांचं अस्तरही दुसऱ्याचंच, आणि आपल्या रक्ताची गाठ सगळ्यात आधी त्याच्याशीच पडते. उल्काच्या रक्तातले पहारेकरी श्रीरंगच्या अस्तराला परकं ठरवून कुरतडत होते. अस्तर सोललं की खाली वण धरतो, भिंत जाड होते, रक्ताची वाट अरुंद होत जाते. गोळ्या वाढवून झाल्या होत्या, रक्त धुऊन झालं होतं. वाहिन्या बुजतच होत्या.

उरला होता तो प्रयोगातला उपचार, देशात मोजक्याच रुग्णांवर केलेला. बाळ पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि बाळंतपणानंतरही तिथंच मुक्काम करतात, वर्षानुवर्षं. ओवी आता कॉलेजला होती. तिच्या पेशी तिच्या जन्माआधीपासून उल्काच्या अंगात नांदत होत्या. त्यांच्यावर अर्ध्या खुणा उल्काच्या, अर्ध्या श्रीरंगच्या, तरी उल्काच्या शरीरानं त्यांना कधी हाकललं नव्हतं. त्या रक्तातून गाळून घ्यायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या, अस्तराच्या पेशींत बदलायच्या आणि किडनीच्या वाहिनीत सोडायच्या. जिथं अस्तर उडालंय तिथं त्या बसतात, आणि पहारेकरी त्यांना घरचं समजून सोडून देतात. "माझ्याच घ्या की," म्हणून ओवीनं हात पुढं केला होता, तर डॉक्टर म्हणाल्या होत्या, "तुझ्या ताज्या पेशी आईला नव्या. आईच्या अंगात मुरलेल्याच लागतात."

आणि त्या गाळताना हे निघालं होतं.

"असं बऱ्याच बायकांत दिसतं," डॉक्टर सांगत होत्या. "कधी रक्त चढवलं असेल तर त्यातून येतात. आईच्या पोटात जुळं असेल आणि ते सुरुवातीलाच विरलं असेल, तर त्याच्या राहतात. आधी कधी गर्भ राहून गेला असेल, तर त्याच्या. किंवा आईला आधी एखादा मुलगा झालेला असेल, तर त्याच्या पेशी आईकडून पुढच्या बाळात उतरतात."

"उल्का एकुलती आहे," श्रीरंग म्हणाला.

"उपचाराला त्यांची गरज नाही. आम्ही त्या वेगळ्या करून टाकून देऊ. कुणाच्या आहेत हे जाणून घ्यायचं असेल तर त्या वाढवून नातं तपासता येतं. तो निर्णय तुमचा, उल्काताई. संमतीचा मेसेज तुमच्या फोनवर येईल."

"नको," उल्का लगेच म्हणाली. "ज्याचा उपयोग नाही ते कशाला?"

इतकं लगेच नको म्हणणारी माणसं श्रीरंगनं पुष्कळ पाहिली होती. गाडी खोलून बघू का, असं विचारलं की ती असंच म्हणायची.

परतताना गाडीत, सांगलीचं विश्रामबाग आल्यावर उल्का म्हणाली, "आईला आणायचंय ना उद्या?"

"आणतो," तो म्हणाला. पण तो मनातल्या मनात मागं चालला होता. लग्नाआधी उल्का कोचिंगच्या कोर्सला पटियाळ्याला होती, सात-आठ महिने. त्या दिवसांबद्दल ती फारसं बोलायची नाही. आजवर त्याला ते जाणवलंही नव्हतं.

उल्काची आई कुमुदिनीबाई तासगावला एकट्या राहायच्या. लेकीच्या आजारपणात त्या येऊन-जाऊन असायच्या आणि तिचं पथ्य सांभाळायच्या. दोन दिवसांनी श्रीरंग स्वयंपाकघरात गेला तेव्हा त्या बटाट्याच्या फोडी करून पाण्यात टाकत होत्या. बटाट्यातले क्षार असे उतरवल्याशिवाय उल्काला खाता येत नसे.

"आई, उल्का पटियाळ्याहून आली तेव्हा तिची तब्येत कशी होती हो?"

"उन्हानं काळवंडली होती. का हो, श्रीरंगराव?"

"तिच्या रक्तात कुणा पुरुषाच्या पेशी सापडल्यात. माझ्या नाहीत. डॉक्टर म्हणतात, मूल पोटात राहिलं की त्याच्या पेशी बाईच्या अंगात राहतात."

सुरी थांबली. "किती दिवस राहतात?"

"जन्मभर."

कुमुदिनीबाईंनी सुरी ठेवली, नळाखाली हात धरले आणि बराच वेळ धूत राहिल्या. "आणि कुणाच्या ते कळतं?"

"तपासलं तर सगळं कळतं."

"तपासणार आहेत?"

"उल्का नको म्हणते."

बाईंचे खांदे खाली आले. सुटकेचा श्वास लपवता येत नाही, हे श्रीरंगला चांगलं ठाऊक होतं. "बरोबरच आहे तिचं," त्या म्हणाल्या. "आजारी माणसाच्या मागं कशाला आणखी तपासण्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पिशवी भरली. घरी काम निघालंय म्हणाल्या, काय काम ते सांगितलं नाही. स्टँडवर एसटीत बसल्यावर खिडकीतून वाकून एकदम म्हणाल्या, "माझी लेक चांगली आहे हो, श्रीरंगराव."

वाईट आहे असं मी कुठं म्हटलं होतं, असा विचार करत तो घरी आला. आईला माहीत आहे. दोघींना माहीत आहे. माहीत नाही ते फक्त मला.

त्याच आठवड्यात त्यानं विट्याचं एक काम मागून घेतलं. भास्कर सावंत विट्याला मुलांना खो-खो शिकवायचा आणि पटियाळ्याला तो उल्काच्याच तुकडीत होता. श्रीरंगला बघून त्याला मनापासून आनंद झाला. चहा मागवला, भिंतीवरचा फोटो दाखवला. रांगेत उभी असलेली लालसर मातीनं माखलेली पोरं, मध्ये उल्का, शेजारी भास्कर. दोघंही कशाला तरी हसत होती.

"कशी आहे ती? तुम्ही किडनी दिलीत, आम्ही सगळे अजून बोलतो त्याबद्दल. असा नवरा मिळायला भाग्य लागतं."

"तिकडं कधी आजारी पडली होती का ती?" श्रीरंगनं कपातल्या चहाकडे बघत विचारलं. "डॉक्टर जुनं सगळं विचारतात."

"पडली होती ना! कावीळ. हॉस्पिटलात ठेवली होती चांगली महिनाभर. तिच्या आई आल्या होत्या धावत इथून. उशापासून हलल्या नाहीत बाई."

कावीळ. महिनाभर. आई आली होती. श्रीरंगच्या डोक्यात एकेक पत्रा आपापल्या जागी बसत गेला. भास्करचा मुलगा पाणी घेऊन आला तेव्हा श्रीरंगनं त्याच्या भुवया नीट न्याहाळल्या आणि मग स्वतःचीच लाज वाटून खाली बघितलं. निघताना भास्करनं उल्कासाठी सीताफळांची पिशवी दिली. विट्याची वेस ओलांडायच्या आत श्रीरंगनं ती एका हातगाडीवाल्याला देऊन टाकली. उल्काला ती चालत नाहीतच, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

घरी तो पूर्वीसारखाच वागत होता. गोळ्या वेळेवर देत होता, पाणी मोजून देत होता. पण ओवीशी बोलताना उल्का हसली की तो दारात थबकायचा. ती फोन उचलायला बाल्कनीत गेली की टीव्हीचा आवाज कमी करायचा. एकदा अंगावरच्या टाक्यांच्या जुन्या व्रणावर त्याचा हात गेला आणि मनात आलं, आपण कुणाला दिली ही? त्या विचाराची त्याला भीती वाटली. पण तो गेला नाही.

पेशी गाळायची शेवटची फेरी होती त्या दुपारी उल्का यंत्राशेजारच्या खाटेवर पडून होती. एका हातातून रक्त यंत्रात जात होतं आणि दुसऱ्यातून परत येत होतं. औषधानं तिला झोप लागली होती. फोन उशीजवळ होता. नर्स पलीकडच्या रुग्णाकडं गेली, आणि फोन उजळला. हॉस्पिटलचा मेसेज होता. अनोळखी पेशी आज टाकून दिल्या जातील. नात्याच्या तपासणीबद्दल निर्णय बदलायचा असल्यास रुग्णानं अंगठा लावून कळवावं.

आज टाकून देतील. मग जन्मभर कळणार नाही.

श्रीरंगनं इकडंतिकडं बघितलं. मग उल्काचा हात उचलला आणि तिचा अंगठा फोनवर टेकवला. अंगठा गार होता. फोननं हिरवी खूण दाखवली. त्यानं तो हात हळूच चादरीवर ठेवला आणि जरा वेळानं चादर नीट केली.

अहवाल आला त्या दिवशी ओवी कॉलेजला गेली होती. उल्का जेवणाच्या टेबलाशी बसली होती, समोर फोन. "श्रीरंग," तिनं हाक मारली. "हे मी मागवलेलं नाही."

त्यानं वाचलं. सापडलेल्या पेशी रुग्णाच्या अपत्याच्या नाहीत. रुग्णाच्या भावाच्या आहेत. आई एक, वडील वेगळे.

सगळ्यात आधी त्याला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरून काहीतरी उतरलं आणि ते त्याच्या तोंडावर दिसलं असणार, कारण उल्का त्याच्याकडेच बघत होती.

"सुटलास?" तिनं विचारलं.

"उल्का, मी..."

"डॉक्टरांनी चार कारणं सांगितली होती. तू एकच घेऊन बसलास."

तो खुर्चीवर बसला. "तुला हे माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. लहानपणी मामी एकदा बोलून गेली होती, थोरल्याच्या वेळी कुमुदला असंच व्हायचं, म्हणून. आईनं तिच्याकडं असं पाहिलं की ती जागच्या जागी गप्प झाली. मी कधी विचारलं नाही. डॉक्टर बोलल्या तेव्हा मला ते आठवलं. आईला सांगायचं असतं तर तिनं सांगितलं असतं ना? म्हणून नको म्हटलं होतं मी."

"मला तरी सांगायचंस."

"ते आईचं होतं. माझं नव्हतं सांगायला. आणि तू विचारलंस कुठं? तू विट्याला गेलास." त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली, "भास्करचा फोन आला होता. तुझा नवरा येऊन गेला, फार बरं वाटलं, म्हणाला. सीताफळं कशी होती विचारत होता. मला तेव्हाच कळलं तुझ्या मनात काय आहे ते. म्हटलं, येईल आज ना उद्या बोलायला. मी झोपले असताना माझा अंगठा लावशील असं नव्हतं वाटलं."

"मी तुला किडनी दिलीय, उल्का." वाक्य तोंडातून निघालं आणि ते परत घ्यावं असं त्याला त्याच क्षणी वाटलं.

उल्का उठली. टेबलाला धरून उभी राहिली. "दिलीस," ती म्हणाली. "आता परत मागू नकोस."

तासगावला ती त्याच दिवशी गेली. गाडी चालवायची ताकद तिच्यात नव्हती, म्हणून श्रीरंगनं नेली. कुमुदिनीबाईंनी दार उघडलं, दोघांची तोंडं पाहिली आणि आत जाऊन कॉटवर बसल्या. उल्का त्यांच्या शेजारी बसली. श्रीरंग उंबऱ्याशीच उभा राहिला.

"आई," उल्का म्हणाली, "नाव काय त्याचं?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. पदराआडूनच त्या म्हणाल्या, "जयवंत."

मग त्या सांगत गेल्या. पहिलं लग्न चिकोडीकडं झालं होतं. नवरा हात उचलायचा. पोर दीड वर्षाचं असताना डोक्याला खोक पडली, तेव्हा त्या पोराला घेऊन माहेरी निघाल्या. एसटीच्या दारात सासऱ्यांनी गाठलं. तुला जायचं तर जा, म्हणाले, आमच्या घरचं पोर जाणार नाही. वडिलांनी सोडचिठ्ठी करून घेतली आणि पोराचा विषय सोडून दिला. पुढं उल्काच्या वडिलांचं स्थळ आलं. त्यांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, मला ठाऊक आहे तेवढं पुरे, आता या घरात ते नाव नको. माणूस वाईट नव्हता, पण ते गेल्यावरसुद्धा नाव तोंडातून निघालं नाही.

"त्या दिवशी श्रीरंगराव म्हणाले, जन्मभर राहतात अंगात," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून मी झोपले नाही. म्हटलं, आता सगळं बाहेर येणार. माझ्यामुळं लेकीचा संसार मोडणार. बोलावं म्हटलं तर जीभ उचलेना. म्हणून पळून आले." त्यांनी उल्काचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. "म्हणजे तो माझ्यात होता? आणि माझ्यातून तुझ्यात आला?"

"हो."

"माझ्या कडेवरून ओढून घेतला गं त्यांनी. त्याच्या मुठीत माझं मंगळसूत्र अडकलं होतं. मला वाटायचं, सगळाच नेला."

उल्कानं आईला मिठीत घेतलं. श्रीरंग उंबऱ्यावरून बाहेर आला आणि अंगणात उभा राहिला. आतला आवाज ऐकू येऊ नये म्हणून तो गेटपर्यंत गेला, तरी येत होता.

उपचाराच्या आदल्या दिवशी डॉ. मुजावरांनी सगळं पुन्हा समजावलं. मांडीच्या शिरेतून नळी किडनीपर्यंत न्यायची, रक्त थोडा वेळ अडवायचं, ओवीच्या पेशी सोडायच्या आणि त्या चिकटेपर्यंत थांबायचं. उल्कानं ऐकून घेतलं. श्रीरंगला बाहेर थांबायला सांगण्याचे कष्ट तिनं घेतले नव्हते, त्यामुळे तो तिथंच होता.

"दुसऱ्या पेशींचं काय केलंत?" तिनं विचारलं.

"तपासणीसाठी वाढवल्या होत्या. त्या टाकून देऊ."

"टाकू नका. मूळच्या असतील तेवढ्या मला परत घाला."

"उल्काताई, त्यांचा वैद्यकीय उपयोग काही नाही."

"असू दे. माझ्या आईनं दिल्यात त्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. समितीला विचारावं लागेल म्हणाल्या. समितीनं हरकत घेतली नाही. रुग्णाचंच रक्त रुग्णाला परत जातंय, एवढाच शेरा आला.

पेशी बसल्या. पहिले काही दिवस ताप होता, मग उतरला. पुढच्या महिन्यांत पावलांची सूज गेली, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर डॉक्टरांनी दाखवलं, जिथं रक्त थेंबथेंब जात होतं तिथं आता लाल-निळी धार वाहत होती. ओवी टाळ्या वाजवायला लागली. उल्का हसली, लेकीकडे बघून. श्रीरंगकडे तिनं पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, जसं दवाखान्यात बरोबर आलेल्या कुठल्याही माणसाकडे पाहावं तसं. घरात ती त्याच्याशी बोलायची, ओवीची फी, दूधवाला, गॅस. फोन ती आता उशाखाली ठेवून झोपत असे. श्रीरंगनं एकदाच माफी मागितली होती. ऐकून घेऊन ती म्हणाली होती, "मागितलीस, बरं केलंस." त्यापुढं काही नाही.

मामीच्या माहेरच्या ओळखीतून जयवंतचा पत्ता लागला. फोनवर पहिल्यांदा बोलताना कुमुदिनीबाईंना नुसतं रडू येत होतं, मग उल्कानंच फोन घेतला. तो चिकोडीतच होता, वजनकाट्यांच्या दुरुस्तीचं दुकान चालवत होता. आई वारली असं त्याला लहानपणापासून सांगितलं होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते निघाले. श्रीरंग गाडी चालवत होता, मायलेकी मागं बसल्या होत्या. त्या बैठ्या घरापुढं गाडी थांबली तेव्हा उल्का म्हणाली, "तू गाडीतच थांब."

तो थांबला. दारात टक्कल पडलेला, जाड चष्म्याचा माणूस उभा होता. कुमुदिनीबाई फाटकातून आत गेल्या आणि अर्ध्या वाटेत थांबल्या, पुढं जावं की नाही अशा. तो माणूस चपला न घालताच पायऱ्या उतरून आला आणि वाकला. पुढचं श्रीरंगनं बघितलं नाही. त्यानं काच वर केली आणि समोरच्या पिठाच्या गिरणीची पाटी वाचत बसला.

बऱ्याच वेळानं काचेवर टकटक झालं, त्यानं ती खाली केली. उल्का होती. डोळे सुजलेले, तोंड उजळलेलं.

"जयवंतदादा विचारतोय, पाहुण्यांना बाहेर का बसवलंय. आत बोलाव म्हणतोय."

"तू त्याला काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"सांगितलं, याची किडनी आहे माझ्यात."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

श्रीरंगनं दाराच्या मुठीवर हात ठेवला. "आणि तू काय म्हणतेस? येऊ?"

"मी त्याचा निरोप आणलाय," उल्का म्हणाली आणि वळली.

ती फाटकातून आत गेली. पायऱ्या चढली. घरात शिरताना तिनं दार लोटलं नाही, की मागं वळूनही पाहिलं नाही. श्रीरंग उघड्या दाराकडे बघत बसला. मग गाडीतून उतरला आणि फाटकापाशी जाऊन उभा राहिला. आतून कुणीतरी पुन्हा हाक मारेल म्हणून तो कान देऊन होता. आत कपबशा वाजत होत्या, सगळे एकदम बोलत होते, आणि त्या आवाजांत उल्काचा आवाज कुठला हे त्याला बरोबर ऐकू येत होतं.